आत्याचं औषधपाणी, पुण्यातून

आत्या 74 वर्षांची. देवरुखजवळच्या एका वाडीत एकटी राहते. रक्तदाब, थायरॉइड, अधूनमधून झोपेची तक्रार. मी पुण्यात. तिच्या तपासण्या, गोळ्या, डॉक्टरांच्या वेळा हे सगळं मोबाइलवरून बघायचं माझ्याकडे आलं, कारण भाचरांमध्ये 'हिला त्यातलं कळतं' अशी माझी ख्याती.

पहिली अडचण दुखण्याशी संबंधित नव्हतीच. आत्याच्या आधारला मोबाइल नंबर होता तो आतोबांचा. ते गेल्यावर रिचार्ज कोण करणार? बंद पडलेला नंबर 90 दिवस उलटले की कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. तसा तो दिलाही होता. मी लावून बघितला, तर नाशिकच्या एका पोरानं उचलला. म्हणजे आत्याचे ओटीपी त्याच्याकडे जाणार! आधार केंद्र देवरुखात, आणि आत्याचे गुडघे पाखाडी उतरायला तयार नाहीत. शेवटी काम केलं पोस्टमननं. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेतर्फे ते घरी येऊन आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदलून देतात. 50 रुपये घेतले, चहा घेतला, झालं.

मग आभा क्रमांक, म्हणजे आरोग्याच्या नोंदी एकत्र ठेवायचा सरकारी क्रमांक, काढायला बसले. चौदा आकडी असतो. आधार नंबर घालायचा, ओटीपी टाकायचा, एवढंच. मी इकडून माहिती भरली आणि आत्याला फोन केला, "मेसेज आलाय बघ, आकडा सांग."

"नाही सांगणार."

"अगं, मी आहे!"

"बँकेतल्या मुलानं बजावलंय. अगदी घरच्यांनी विचारलं तरी सांगायचा नाही. आणि हल्ली आवाजसुद्धा नकली काढतात म्हणे."

काय बोलणार? बरोबरच होतं तिचं. या सगळ्या सोयी करणाऱ्यांनी धरलंय की रुग्ण आणि फोन एकाच खोलीत, एकाच माणसाच्या हातात आहेत. मीच बोलतेय याची खात्री करायला आत्यानं विचारलं, तुझ्या बाबांच्या मुंजीत गो, मांडवाला आग कुठून लागली? मी म्हटलं, आचाऱ्याच्या चुलीवरून. तोवर ओटीपीची मुदत संपली होती. दुसरा मागवला.

सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मात्र गणपतीत घरी गेले तेव्हाच काढलं, कारण त्यात समोर बसवून फोटो काढावा लागतो. 29 ऑक्टोबर 2024 पासून ही सोय आहे. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. आत्याला वाटलं, चला, आता गोळ्या फुकट. तसं नाही, कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावरचं. रोजच्या गोळ्यांना त्याचा उपयोग नाही. हे तिला पटवायला कार्ड काढण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

चिपळूणचे तिचे डॉक्टर व्हिडिओवर बघतात. रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या त्यांनी लगेच लिहून दिल्या. चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक असल्यामुळे देवरुखच्या केमिस्टनं व्हॉट्सअॅपवरचा फोटो बघून औषधं काढून ठेवली. शेजारचा बंड्या येताना घेऊन आला. अल्प्राझोलामला, म्हणजे झोपेच्या गोळीला मात्र डॉक्टर ठाम नाही म्हणाले. मला आधी वाटलं, टाळतायत. पण मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांत अमली आणि मनोप्रभावी औषधांच्या कायद्यातली औषधं ऑनलाइन लिहून द्यायला मनाईच आहे. त्यासाठी चिपळूणला गाडी करावी लागली. तिथं डॉक्टरांनी समोर बसवून दुपारच्या झोपेची चौकशी केली आणि गोळीच कमी केली, हे फोनवर झालं नसतं.

पुढे आत्या कॅमेऱ्यासमोर बसायला कंटाळू लागली. "तूच बोल, मला काय विचारायचं ते तुला माहित्ये." डॉक्टर म्हणाले, चालेल, पण त्यांची लेखी संमती हवी, नियमात तसंच आहे. मी मजकूर तयार करून पाठवला होता. तो बाजूला ठेवून आत्यानं वहीच्या पानावर स्वतःच्या हातानं लिहिलं आणि बंड्याकरवी फोटो धाडला: 'माझ्या औषधपाण्याविषयी भाचीशी बोलण्यास माझी हरकत नाही. वजनाविषयी तिला काही सांगू नये.'

डॉक्टरांनी ते तसंच फाइलला लावलंय. वजन ते खरंच सांगत नाहीत.