लिथियमची तपासणी आणि बारा तासांचा हट्ट

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी बेफाम उसळतं, कधी उदासीत बुडतं. खानापूर तालुक्यात राहते. शिमगा झाला, ऊन चढू लागलं की माझी झोप तुटते, डोकं भरभर धावायला लागतं. आषाढात पाऊस लागून राहिला की अंथरूण सोडवत नाही. सगळ्यांचं असं होत नाही, पण वसंत-उन्हाळ्यात मेनिया, म्हणजे ही उसळी, वाढतो हे अनेक देशांतल्या नोंदींत दिसलंय. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, ऊन तापायच्या आत लिथियम लेव्हल (या आजारावरच्या माझ्या गोळीचं रक्तातलं प्रमाण) करून घ्या. घामानं पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात आणि तीच गोळी जास्त होते.

अडलं ते बेळगावात, लॅबच्या काउंटरवर. हे रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, सकाळची गोळी त्यानंतर. रात्री नऊला गोळी घेऊन, पहाटेची बस धरून मी वेळेवर हजर. काउंटरवरचा म्हणतो, "सँपल बाहेर जातंय, गाडी दुपारी येतीया. बाराला या." म्हटलं, तोवर पंधरा तास होतील, आकडा कमी दिसेल. "रक्त ते रक्तच की ओ ताई. गोळी घेऊन या पाहिजे तर." गोळी घेतली तर आकडा उगाच चढेल! 0.6 ते 1.0 (मिलिमोल प्रति लिटर) ही पट्टी बारा तासांच्या रक्तासाठीच असते, डोस त्यावर ठरतो. मी जागची हलले नाही. शेवटी आतल्या टेक्निशियनला बोलावलं. त्यानं शांतपणे सांगितलं, आत्ता काढून सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळं करून ठेवता येतं. एवढंच होतं! मग त्यानं हिरव्या टोपणाची नळी उचलली, तेव्हा पुन्हा विचारलं. त्यातल्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपारिन असतं, त्यानं लेव्हल खोटी वाढते. त्यानं नळी बदलली. माझा हट्ट योग्यच होता, तुम्हीही करा. रक्त काढल्याची वेळ रिपोर्टवर लिहून घ्या.

अंगदुखीला ब्रुफेन, डायक्लोफेनॅक मनानं घेऊ नका, त्यानंही लेव्हल चढते. हात जास्त कापणं, जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं दिसलं तर थेट दवाखाना गाठा.

पावसाळ्यातल्या उदासीसाठी प्रकाशाचा दिवा मिळतो, पण डॉक्टरांशिवाय नको, त्यानं मेनिया उसळू शकतो. म्हणूनच 2018च्या एका अमेरिकन अभ्यासात तो भर दुपारी वापरला होता.

आणि हो, वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. मी संध्याकाळी बघून घरी येते. जागरण मला उन्हापेक्षा लवकर चढतं. अडीअडचणीला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास, फुकट.