सत्तेचाळीस पॉईंट

स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी वायरमन आला आणि म्हणाला, "सर, लाईट कुठे कुठे पाहिजे ते आत्ताच सांगून टाका. उद्या काँक्रीट पडलं की मग तुमचंही चालणार नाही अन् माझंही." पायाखाली सळ्यांची जाळी, डोक्यावर अमळनेरचं मे महिन्यातलं ऊन. सळईला हात लावला तर चटका बसत होता. अशा वेळी माणसाने ठरवायचं काय, तर रात्री आपल्याला उजेड कुठे हवा! मी डोळे बारीक करून, रुमाल डोक्यावर धरून, इकडे-तिकडे बोटं दाखवत गेलो. तो खडूने फुल्या मारत गेला. त्याची मजुरी पॉईंटमागे ठरलेली असल्यामुळे माझ्या बोटांवर त्याचा फार विश्वास होता. खाली उतरलो तेव्हा हिशेब ४७ पॉईंटवर गेला होता.

आई समोरच्या निंबाखाली खाट टाकून बसली होती. आकडा ऐकून म्हणाली, "सत्तेचाळीस? आपला गावमा बी इतला दिवा नव्हतात."

अतिशयोक्ती असेल, पण फार नाही. आमचं गावातलं घर धाब्याचं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, खिडकी असून नसल्यासारखी, आणि धाब्याला मधोमध एक भोक. पावसात त्यावर घमेलं उपडं घालायचं. एरवी त्यातून उन्हाचा एक कवडसा खाली पडे आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राही. तो जात्यापाशी आला की आई चहाचं आधण ठेवायची. बाकी घर अंधारं, आणि तो अंधार मुद्दाम राखलेला. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. तिथे उजेड आत घेणं म्हणजे झळ आत घेणं. दुपारी बाहेरून कोणी आलं की उंबऱ्यात आंधळ्यासारखं उभं राही, आणि आतून आवाज येई, "कोन शे?" आतल्याला बाहेरचा स्वच्छ दिसे, बाहेरच्याला काहीच नाही. संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसायचं काम माझ्याकडे होतं. वीज आली ती पुढे, एक पिवळा बल्ब आणि एक झिरोचा बल्ब घेऊन. हा झिरोचा बल्ब नावालाच झिरो. बहुतेक १५ वॉटचे असायचे. पण जुन्या मीटरचं चाक तेवढ्याने जेमतेम हलायचं, म्हणून लोकांनी त्याला शून्यात जमा केलं.

त्या घरातून आलेला माणूस जळगावच्या दिव्यांच्या दुकानात गेला की त्याचं काय होणार? छतभर दिवे, सगळे चालू, आणि खाली एसी. पहिलाच प्रश्न, "वॉर्म देऊ की कूल?" मला वाटलं एसीचं विचारतोय. मग कळलं, खोक्यावर उजेडाच्या रंगाचा आकडा असतो, केल्विन या तापमानाच्या मापात. ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. ज्याला गरम म्हणायचं त्याचा आकडा लहान आणि थंडाचा मोठा, हे काही केल्या डोक्यात शिरेना. शेवटी आमच्या गावी येणारा घिसाडी आठवला. भात्यावर लोखंड आधी लालबुंद होई, मग पिवळं, आणि फारच तापलं तर पांढरंफटक. म्हणजे आकडा खरा तापलेल्या वस्तूचा, आणि वॉर्म-कूल ही नावं आपल्या मनाला काय वाटतं त्याची. वॉटचंही तसंच. आमच्या पिढीला ६० चा बल्ब म्हटलं की उजेड डोळ्यांसमोर येतो. आता तेवढाच उजेड ९ वॉटचा एलईडी देतो, थोडा जास्तच. जुना बल्ब बहुतेक वीज उष्णतेतच घालवायचा. खान्देशात पैसे देऊन वर आणखी उष्णता विकत घेत होतो, याचं आता हसू येतं.

अमळनेरकर म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४५ साली आमच्या गावात वनस्पती तुपापासून सुरुवात केलेल्या विप्रोच्या नावाने आज दिवेही विकले जातात. तुपाचे दिवे म्हणतात ते हेच असावेत. ज्यांनी वेळीच तिचे शेअर घेऊन ठेवले ती घरं गावात आहेत. आमच्या घरात कोणी घेतले नाहीत, त्यामुळे झुंबराकडे नुसतं बघून पुढे सरकलो.

बायकोचा अभ्यास माझ्यापेक्षा पक्का निघाला. तिने एकदा दुकानातल्या उजेडात आमसुली म्हणून साडी घेतली होती, ती घरी येऊन तपकिरी झाली. तेव्हापासून तिचा दिव्यावर विश्वास नाही. ती खोकी उलटीपालटी करून सीआरआयचा आकडा शोधायची. रंग जसे आहेत तसे दिसायला तो ९० च्या आसपास हवा म्हणे. मला म्हणाली, "सराफ बाजारात सोन्यावर पिवळा उजेड का सोडतात अन् हिऱ्यावर पांढरा, कधी बघितलं का?" जळगावात अर्धं आयुष्य खरेदीला गेलो, पण माझी नजर कायम भावाच्या पाटीवर.

स्वयंपाकघराचाही निकाल तिनेच लावला. वायरमनने छताच्या मधोमध एक पॅनेल धरलं होतं. ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "आता बघ." दिवा पाठीमागे, सावली पुढे. मिरच्या नेमक्या तिच्याच सावलीत चिरल्या जाणार. म्हणून वरच्या कपाटांच्या खाली दिव्यांची एक पट्टी लावली, ४००० केल्विनची. बाथरूममध्ये दिवा आरशाच्या डोक्यावर न लावता बाजूला, तोंडाच्या उंचीवर घेतला. वरून उजेड पडला की डोळ्यांखाली खड्डे दिसतात, आणि माझ्या वयाला ते परवडत नाहीत. जिन्याला खाली-वर दोन बटणं. यात कुणाचं दुमत नव्हतं.

हॉलमध्ये मात्र मी फसलो. आमच्याकडे छताच्या मधोमध पंखाच असतो, तिथे वाद चालत नाही. जुन्या घरांत ट्यूब भिंतीवर असायची, वरच्या अंगाला, पालीसकट. मला ते मागासलेपण वाटायचं. मी पंख्याभोवती चार पॅनेल बसवली. पहिल्या रात्री पंखा सुरू केला आणि पात्यांच्या सावल्या भिंतींवरून धावायला लागल्या, टीव्हीवरून, पाहुण्यांच्या टकलांवरून. भिंतीवरच्या ट्यूबला पातं आडवं येतच नसे, हे तेव्हा लक्षात आलं. शिवाय पॅनेल तीन रंगांची घेतली, बटण दाबलं की रंग बदलतो. आई बटण बंद करून पुन्हा लावायची, उजेड पिवळ्याचा पांढरा व्हायचा, आणि ती मला हाक मारायची, "लाईट बिघडना रे!"

तिच्या खोलीसाठी तिने दोनच गोष्टी मागितल्या. भिंतीवर एक ट्यूब, आणि एक झिरो. देवघरातला पॉईंट तिने घेऊच दिला नाही. तिथे आता पांढरं झाकण लावलेलं आहे.

श्रावणात कानबाई, म्हणजे आमची खान्देशातली देवी, घरी बसली तेव्हा हौसेने मी हॉलमधले सगळे दिवे लावले, वर रंगीत लायटिंगच्या माळाही सोडल्या. नारळाची कानबाई, तिची नथ, गळ्यातली पोत, सगळं लख्ख दिसत होतं, पण कसं कोण जाणे, दुकानात मांडल्यासारखं. आई काही वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हाई मना डोयासले खुपस." मी एकेक बटण बंद करत गेलो. समया तेवढ्या उरल्या. नथीतलं सोनं हळूहळू पिवळं झालं आणि कानबाईच्या डोळ्यांत हालचाल आल्यासारखी वाटली. शेजारच्या बायका दारातून आत येताना क्षणभर थबकायच्या, नजर बसेपर्यंत. आतून त्यांना नावानिशी हाका जात होत्या. बायको हळूच म्हणाली, "सराफाकडे हेच सांगत होते मी."

परवा रात्री तीनच्या सुमारास पाणी प्यायला उठलो. हॉलमध्ये मिट्ट काळोख, आणि कोणीतरी चालतंय. आई होती. माठाकडून परत येत होती, एका हातात पेला, दुसरा हात भिंतीला. टीपॉयचा कोपरा तिने सहज टाळला. मी घाईने हात लांब करून बटण दाबलं. चारही पॅनेल पेटली, ६५०० वर. ती जागच्या जागी थांबली आणि तिने हाताने डोळे झाकले.

"बंद कर रे," ती म्हणाली, "माले काहीच दिखत नही."