गोव्यात स्वस्त हॉस्टेल निवडताना: आधी गाव, मग खाट

सुट्टीत गोव्याला जायचे ठरले आणि खर्च आवाक्यात ठेवायचा असला, की बहुतेक जण बुकिंगचे अ‍ॅप उघडतात, सर्वांत कमी दर वर येतील अशी यादी लावतात आणि पहिल्या चार-पाच नावांतून एक निवडून मोकळे होतात. मला ही पद्धत पटत नाही. हॉस्टेलमध्ये आपण खोली घेत नाही, सामायिक खोलीतील, म्हणजे डॉर्मिटरीतील, एक खाट घेतो; आणि दोन हॉस्टेलांतील खाटांच्या दरांत जेवढा फरक असतो, त्याहून कितीतरी अधिक फरक ती खाट कोणत्या गावात आहे यामुळे एकूण खर्चात पडतो. म्हणून कोणी सल्ला विचारला, तर मी आधी विचारतो, की तुम्ही कोणत्या स्थानकावर उतरणार आहात आणि किती वाजता?

कोकण रेल्वेने उत्तरेकडून येताना पेडणे, थिवी, करमळी, मडगाव आणि काणकोण ही स्थानके या क्रमाने लागतात. हरमल (अरंबोल) आणि मोरजी या किनाऱ्यावरील गावांना पेडणे सोयीचे, हणजूण (अंजुना) आणि वागातोरला थिवी, पणजीला करमळी, तर पाळोळ्याला (पालोलेम) काणकोण. मुंबईहून येणाऱ्या कोकणकन्या आणि मांडवी या दोन्ही गाड्या मडगावलाच संपतात, त्यामुळे पाळोळ्यातील स्वस्त खाट पाहून मोहात पडणाऱ्याने मडगावपासून पुढच्या बसचा किंवा दुसऱ्या गाडीचा विचार त्याच वेळी करावा. थिवीहून हणजूणला जायचे तर म्हापशाला बस बदलावी लागते. दिवसा हे सहज जमते. अंधार पडल्यावर बस विरळ होतात आणि मग टॅक्सीवाचून गत्यंतर नसते. गोव्यातील टॅक्सीचे भाडे आपल्याकडील शहरांच्या मानाने बरेच जास्त असल्यामुळे खाटेवर वाचवलेले दोनशे रुपये पहिल्याच संध्याकाळी खर्च होतात, आणि वर रोज जाण्यायेण्याचा प्रश्न उरतोच.

वेळेचेही तसेच आहे. रात्री सुटणारी कोकणकन्या आपल्याला सकाळी गोव्यात उतरवते, पण बहुतेक हॉस्टेलांत खाट दुपारी एक-दोनच्या आधी मिळत नाही. मधल्या वेळेत सामान ठेवून घेतील का, अंघोळ करू देतील का आणि बैठकीच्या खोलीत बसता येईल का, हे फोन करून विचारून घ्यावे. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसासाठी ही सोय मोफत न्याहारीपेक्षा मोलाची आहे, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी बहुधा पणजी सुचवतो. समुद्रकिनारा हाच गोवा मानणाऱ्यांना हे आवडत नाही, याची मला कल्पना आहे. पण पणजीच्या कदंब बसस्थानकावरून म्हापसा, मडगाव, फोंडा आणि जुने गोवे अशा सर्व दिशांना बस मिळतात, मिरामारचा किनारा शहरालगतच आहे आणि साध्या खाणावळीत माशाचे जेवण परवडणाऱ्या दरात मिळते. हणजूण-वागातोरच्या बाजूला हॉस्टेले अधिक आहेत आणि तरुणांना सोबतही चटकन मिळते. मात्र तेथे झोपेचा विचार आधी करावा. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास कायद्याने बंदी आहे, तरीही जवळच्या क्लबमधील संगीताचे ठोके खोलीपर्यंत पोचतात का, हे तेथे राहून गेलेल्यांच्या अभिप्रायांतूनच कळते.

हे अभिप्राय वाचण्याचीही एक रीत आहे. एकूण गुण पाहून थांबू नये. आपण ज्या महिन्यात जाणार आहोत, त्याच महिन्यातील अभिप्राय शोधून वाचावेत. पावसाळ्यात दर उतरतात, पण किनाऱ्यावरील शॅक (तात्पुरती उपाहारगृहे) बंद असतात, भिंतींना ओल धरते, गाद्यांना वास येतो आणि वीज जाते. डिसेंबरमध्ये राहिलेल्या पाहुण्याला यातले काहीच दिसलेले नसते. ‘खूप मजा आली’ या वाक्यातून आपल्या हाती काही लागत नाही. मात्र ‘दहा जणांना एकच न्हाणीघर होते’ हे वाक्य निर्णय बदलायला पुरेसे आहे, आणि ढेकणांचा उल्लेख अलीकडच्या अभिप्रायांत एकदा जरी आढळला, तरी मी ते नाव सोडून देतो.

खोलीत माझ्या मते तीन गोष्टी हव्यातच: खाटेला पडदा, उशाशी स्वतंत्र दिवा व चार्जिंगची सोय, आणि सॅक मावेल असा लॉकर. कुलूप घरूनच न्यावे. माझी भाची पहिल्यांदा एकटी निघाली, तेव्हा स्त्रियांसाठी वेगळी डॉर्मिटरी आहे का एवढेच विचारून आम्ही थांबलो नाही. डॉर्मिटरीचे न्हाणीघर त्याच खोलीला जोडलेले आहे का आणि रात्री स्वागतकक्षात कोणी जागे असते का, हेही विचारले. या शेवटच्या प्रश्नाला ज्या ठिकाणी टाळाटाळ झाली, ते ठिकाण आम्ही वगळले.

दोघे-तिघे मिळून जाणार असाल, तर खाटांची बेरीज अवश्य करावी. समजा एका खाटेचे सातशे रुपये असतील, तर तिघांचे एकवीसशे होतात, आणि हंगाम नसताना तेवढ्या पैशांत एखाद्या घरगुती अतिथीगृहात स्वतंत्र खोली मिळू शकते. टॉवेलचे भाडे आणि अनामत रक्कमही दरापलीकडची असते. ओळखपत्रावर पत्ता असणे आवश्यक असल्याने केवळ पॅन कार्ड चालत नाही. काही हॉस्टेले अठरा वर्षांखालील मुलांना किंवा ठरावीक वयापुढील पाहुण्यांना डॉर्मिटरीत घेत नाहीत, त्यामुळे आईवडिलांना किंवा मुलांना सोबत नेणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी ही अट वाचावी. आणि रेल्वेचे तिकीट प्रतीक्षायादीत असेल, तर थोडे अधिक पैसे पडले तरी विनाशुल्क रद्द करता येणारेच बुकिंग घ्यावे, कारण सुट्टीच्या दिवसांत कोकण रेल्वेवरील प्रतीक्षायादी शेवटपर्यंत सरकेलच असे नाही.