हॅलिफॅक्सचा हत्ती

लीड्सहून ब्रॅडफर्डमार्गे जाणारी लोकल कॅल्डर खोऱ्याकडे वळली की दोन्ही बाजूंना काळसर दगडाची घरं आणि गिरण्यांची धुराडी दिसायला लागतात. हॅलिफॅक्स हे लोकरीवर मोठं झालेलं गाव. बहुतेक पर्यटक इथे येतात ते पीस हॉल बघायला. १७७९ साली उघडलेला हा कापडबाजार म्हणजे मधे भलंमोठं पटांगण आणि भोवती तीनशेच्या वर खोल्या. हातमागावर विणलेले तागे विणकर इथे विकायला आणत. वास्तू खरंच देखणी आहे, पण मी आलो होतो एका पलटणीसाठी. दौलतराव शिंद्यांच्या फौजेशी लढलेली ही पलटण पुढे सव्वाशे वर्षं या गावाची होऊन राहिली, आणि २००६ साली तिचं स्वतंत्र अस्तित्व संपलं.

तिचं नाव ड्यूक ऑफ वेलिंग्टन्स रेजिमेंट. इथले लोक नुसतं ‘ड्यूक्स’ म्हणतात. मुळात या दोन वेगळ्या पलटणी होत्या. ३३वी उभी राहिली १७०२ साली, अर्ल ऑफ हंटिंग्डनच्या हुकमतीखाली. ७६वी १७८७ ची, आणि ती काढलीच होती हिंदुस्थानात लढण्यासाठी.

३३व्या पलटणीच्या अधिकाऱ्यांची यादी वाचताना आपलाच इतिहास समोर येतो. १७६६ पासून तिचा कर्नल होता कॉर्नवॉलिस, म्हणजे अमेरिकेत यॉर्कटाउनला हरलेला, पुढे दोनदा गव्हर्नर-जनरल झालेला आणि १८०५ साली गाझीपूरला वारलेला तोच. त्याच्या मागून ते पद मिळालं आर्थर वेलस्लीला, म्हणजे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्याला. वेलस्ली १७९३ साली या पलटणीत मेजर म्हणून आला, त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल झाला आणि पुढे तिला घेऊन हिंदुस्थानात उतरला. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात ३३वी होती. १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला, असई, अडगाव, गाविलगड या वेलस्लीच्या मोहिमा आपण शाळेत शिकतो. तिथे मात्र ३३वी त्याच्याबरोबर नव्हती. असईला लढले ते ७४ आणि ७८ क्रमांकाचे हायलँडर.

त्याच वर्षी उत्तरेत जनरल लेकच्या फौजेत होती ७६वी. ४ सप्टेंबरला अलीगडचा किल्ला, ११ सप्टेंबरला दिल्ली, १ नोव्हेंबरला लासवारी. पुढच्या वर्षी होळकरांविरुद्ध डीग. भरतपूरच्या वेढ्यातही ती होती, आणि तिथे लेकचे चारही हल्ले जाटांनी परतवले. दिल्लीच्या लढाईनंतर कंपनी सरकारने ७६व्या पलटणीला मानाची निशाणं दिली. नंतर ‘हिंदुस्थान’ हा शब्द आणि अंबारीचा हत्ती तिच्या चिन्हात आला. दोन निशाणं राजाची आणि दोन कंपनीची, अशी चार निशाणं घेऊन संचलन करणारी ब्रिटिश सैन्यातली ही एकमेव पलटण होती.

स्टेशनातून बाहेर पडलं की जवळच हॅलिफॅक्स मिन्स्टर आहे. गिरण्यांच्या धुराने काळवंडलेलं जुनं चर्च. रेजिमेंटची जुनी निशाणं इथे आहेत. निवृत्त निशाणं चर्चमध्ये ठेवायची, ती दुरुस्त करायची नाहीत, काळाने ती विरत जातील तशी जाऊ द्यायची, अशी इथली जुनी रीत. तिथून वर वूलशॉप्स या बाजारपेठेच्या बाजूला २०१९ साली उभारलेलं ड्यूक्सचं शिल्प आहे. वेगवेगळ्या शतकांतले सैनिक एकत्र उभे केलेत. लोक खरेदीच्या पिशव्या घेऊन त्याच्या शेजारून जातात. शिल्प गावाच्या वाहत्या रस्त्यावर आहे हे मला फार आवडलं.

रेजिमेंटचं संग्रहालय मात्र नॉर्थ ब्रिज ओलांडून, हेली हिलचा चढ चढून गेल्यावर लागतं. एडवर्ड अक्रॉइड या गिरणीमालकाचा बँकफील्ड नावाचा वाडा आता नगराचं संग्रहालय आहे आणि त्यात ड्यूक्सची दालनं आहेत. गणवेश, पदकं, ढोल हे कुठल्याही लष्करी संग्रहालयात असतंच. मी थबकलो तो हत्तीपाशी. कॉलरवर लावायचं ते एवढंसं चिन्ह आणि त्यावर ‘हिंदुस्थान’. यॉर्कशायरमधली किती पिढ्यांची गिरणीतली पोरं हे गळ्याशी लावून फ्लँडर्सपासून कोरियापर्यंत लढली! लढायांच्या यादीत रोमन लिपीतलं ‘अली घर’, ‘लेस्वारी’, ‘डीग’ वाचताना मन कुठल्या बाजूला उभं करावं हे मला काही क्षण कळेना.

कारण लासवारीला समोर कोण होतं? द बॉइन या युरोपियन सेनापतीने महादजी शिंद्यांसाठी उभी केलेली कवायती फौज, तिचे कंपू म्हणजे मोठ्या तुकड्या. द बॉइनच्या जागी आलेला पेरॉन सप्टेंबरातच इंग्रजांना शरण गेला होता, युरोपियन अधिकारी एकेक करून निघून गेले होते. तरीही अलवरजवळच्या त्या मैदानात ते शिपाई उभे राहिले. गोलंदाज तर संगिनी अंगात घुसेपर्यंत तोफा सोडेनात. खुद्द लेकने वरिष्ठांना कळवलं की हे लोक सैतानांसारखे, नव्हे वीरांसारखे लढले. जिंकलेल्यांचं नाव हॅलिफॅक्सच्या भिंतीवर आहे. हरलेल्या पलटणींना पुढे वारसच राहिला नाही. त्यांची नावं, निशाणं कुणी जपली नाहीत. ग्वाल्हेरात कंपू नावाचा भाग आहे, तेवढीच आठवण. एखादी पलटण टिकते ती नुसत्या शौर्यावर नाही. तिची यादी ठेवणारी कचेरी लागते आणि तिला आपली म्हणणारं एक गाव लागतं, असं मला त्या दालनात फार तीव्रतेने वाटलं.

आणि ड्यूक्सना हे गाव मिळालं ते एका फेररचनेतूनच. ३३व्या पलटणीचं यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंग या भागाशी नातं जुनं. भरतीला फिरणारे सार्जंट तलवारीच्या टोकाला ओटची भाकरी खोचून येत, पोटभर खायला मिळेल हे सांगायला. त्यावरून तिचं ‘हॅव्हरकेक लॅड्स’ हे टोपणनाव पडलं. वेलिंग्टन १८५२ साली वारला, आणि पुढच्या वर्षी १८ जूनला, म्हणजे वॉटर्लूच्या दिवशी, व्हिक्टोरिया राणीने त्याचं नाव तिला दिलं. पण पलटणीला कायमचं घर नव्हतं. १८७० च्या दशकात युद्धमंत्री कार्डवेलने दोन-दोन पलटणींच्या जोड्या लावल्या. एक साम्राज्यात कुठेतरी असायची, दुसरी मायदेशी राहून तिला माणसं पुरवायची, आणि दोघींचा डेपो एका ठरलेल्या गावात. ३३ आणि ७६ यांना हॅलिफॅक्स मिळालं. १ जुलै १८८१ ला तेव्हाचा युद्धमंत्री चिल्डर्स याने आकडेच रद्द केले आणि दोघींची एक रेजिमेंट केली. ३३वी झाली पहिली बटालियन, ७६वी दुसरी.

तेव्हा जुन्या सैनिकांना हे किती लागलं असेल! शतकभर ज्या आकड्याखाली माणसं मेली तो एका हुकमाने गेला. पण ती जोडणी रुजली. टेरिटोरियल, म्हणजे अर्धवेळ सैनिकांच्या, बटालियन गावागावांत वाटल्या होत्या: ४थी हॅलिफॅक्सची, ५वी हडर्सफील्डची, ६वी स्किप्टनची. पहिल्या महायुद्धात एकाच गल्लीतली, एकाच गिरणीतली पोरं एकत्र गेली. कागदावरची रेजिमेंट घराघरातली झाली ती अशी, आणि त्याची किंमत त्या घरांनी मोजली.

१९४८ साली दोन बटालियनची एक झाली. १९५३ च्या मे महिन्यात कोरियात ‘हूक’ नावाच्या टेकडीवर तिने चिन्यांचा जबर हल्ला थोपवला. पुढे शेजारच्या रेजिमेंटा जात राहिल्या. १९५८ साली वेस्ट यॉर्कशायर आणि ईस्ट यॉर्कशायर यांचं एकत्रीकरण होऊन प्रिन्स ऑफ वेल्सेस ओन झाली, १९६८ साली यॉर्क अँड लँकेस्टरने एकत्रीकरणापेक्षा विसर्जन पत्करलं. ड्यूक्स तगले. २००४ च्या अखेरीस मात्र सरकारने पायदळाच्या बटालियन ४० वरून ३६ वर आणायचं ठरवलं. दर काही वर्षांनी आख्खी बटालियन नव्या ठिकाणी, नव्या कामावर हलवायची जुनी पद्धतही बंद झाली. त्यात एकेका बटालियनच्या रेजिमेंटा बसेनात. ६ जून २००६ ला प्रिन्स ऑफ वेल्सेस ओन, ग्रीन हॉवर्ड्स आणि ड्यूक्स मिळून यॉर्कशायर रेजिमेंट झाली. ड्यूक्स तिची तिसरी बटालियन. जुनं नाव कंसात राहिलं. २०१२ मध्ये तीनाच्या दोन बटालियन करायचं ठरलं आणि तो कंसही गेला.

हिशेबाच्या बाजूने हे समजतं. माणसं कमी, मोहिमा वेगळ्या. तरी मला वाटतं, १८७०-८१ च्या फेररचनेने आकडा काढून घेताना बदल्यात गाव दिलं होतं. २००६ ने आख्खा परगणा दिला, आणि परगण्यावर गल्लीसारखा जीव जडत नाही.

जाणार असाल तर मिन्स्टर, शिल्प, मग बँकफील्ड असा क्रम ठेवा. चढ शेवटी येतो, पण निशाणं आधी बघितलेली असली की दालनातल्या वस्तू नीट लागतात. संग्रहालयाच्या वेळा निघण्याआधी तपासून घ्या. आणि लढायांच्या यादीसमोर थोडा वेळ काढा. त्या नावांची दुसरी बाजू आपल्याकडच्या शाळेत शिकलेला माणूस तिथे रोज येत नाही.