चंद्राची वही: वर्ष पहिलं, मुक्काम वद्य अष्टमी

मंडळी, गेल्या कोजागिरीला सुरू केलेली वही परवाच्या कोजागिरीला भरली. बारा चांद्रमास झाले. रोज रात्री ओटा आवरला की इंदिरानगरच्या आमच्या गच्चीवर जायचं, चंद्र असला तर डोळे भरून बघायचा. मग तिथी, रास, नक्षत्र लिहायचं आणि खाली दोन ओळी, आज मन कुठे अडलं त्याच्या. पावसाळ्यात कितीतरी रात्री चंद्राचं तोंडही दिसलं नाही, पण वही एक दिवस चुकवली नाही.

मला वाटलं होतं, वहीत पौर्णिमाच उठून दिसणार. चंद्र मनाचा कारक, 'चंद्रमा मनसो जातः' हे तर पुरुषसूक्तातलंच, तेव्हा चंद्र पूर्ण असेल त्या रात्री मनही काठोकाठ भरेल. पण माझ्या पौर्णिमेच्या नोंदी सगळ्यांत तोकड्या निघाल्या. पाहुणे, नैवेद्य, दमून झोप. पानंच्या पानं भरली ती, काही महिने सोडले तर, वद्य अष्टमीला.

आधी एक चूक सांगते, नव्याने वही घालणाऱ्यांचे चार महिने वाचतील. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून तिथी लिहीत होते. कॅलेंडरात ठळक छापलेली तिथी सूर्योदयाची असते. सूर्य-चंद्रातलं अंतर 12 अंशांनी वाढलं की एक तिथी संपते, आणि चंद्राचा वेग सारखा नसल्यामुळे कधी तिथी वीस तासांतच उरकते, कधी सव्वीस तासांपर्यंत रेंगाळते. नोंद रात्री दहा-साडेदहाची, तिथी मात्र सकाळची! माघात हे लक्षात आलं. कॅलेंडरात सप्तमी होती आणि अष्टमी सकाळी दहाच्या सुमारासच लागली होती. मग दोन रविवार बसून पंचांगातल्या समाप्तीच्या वेळा लावून मागची सगळी पानं लाल पेनने दुरुस्त केली. त्या दुरुस्तीनंतरच अष्टमी वर आली, तोवर ती सप्तमी-नवमीत वाटली गेली होती.

वद्य अष्टमीच्या मध्यावर चंद्र सूर्यापासून 270 अंशांवर येतो आणि बरोबर अर्धा राहतो. पक्षबळाच्या, म्हणजे कलेवरून धरायच्या चंद्राच्या बळाच्या, एका प्रचलित मताप्रमाणे शुद्ध अष्टमीपासून वद्य अष्टमीपर्यंतचा चंद्र बली आणि पुढचा क्षीण. म्हणजे ही रात्र उंबरठ्याची. पाश्चात्त्य ज्योतिषात डेन रुड्यार यांनी दोन्ही अर्ध्या चंद्रांना पेच म्हटलंय: वाढत्या चंद्राचा तो कृतीतला पेच आणि उतरत्या चंद्राचा तो जाणिवेतला. मला हे फार पटलं. शुद्ध अष्टमीच्या माझ्या नोंदी खरोखरच कामाच्या आहेत, अमुक करू की नको, कोणाला विचारू. वद्य अष्टमीला करण्यासारखं काही नसतं. जे झालं त्याकडे बघत बसावं लागतं.

दुसरा धडा रकान्यांचा. माझी रास मेष, त्यामुळे चंद्र वृश्चिकेला आला की तो माझ्या राशीपासून आठव्या राशीत, म्हणजे ज्योतिषात त्रासाचा मानलेला 'आठवा चंद्र'. त्या सव्वादोन दिवसांत चिडचिड होते हे घरच्यांनाही पाठ आहे. पण कला आणि रास वेगवेगळ्या चालीने चालतात. चंद्र राशीचक्राची फेरी 27.3 दिवसांत पुरी करतो, अमावस्येहून अमावस्येला यायला मात्र 29.5 दिवस लागतात. म्हणून आठवा चंद्र दर महिन्याला दोन-सव्वादोन तिथी मागे सरकतो. दोन्ही एकाच रकान्यात लिहिलं तर मन कशाने हललं ते कळायचं नाही. आता माझ्या वहीत कलेचा रकाना वेगळा, राशीचा वेगळा.

मेषेच्या माणसाला हे दोन्ही एकत्र गाठतात ते माघ वद्य अष्टमीला. सूर्य कुंभेत, चंद्र वृश्चिकेत, तोही नीचेचा, म्हणजे सगळ्यांत दुबळा मानलेला. त्या रात्री झोप आली नाही. थंडी अजून सरली नव्हती, शाल गुंडाळून गच्चीवर गेले. दीड वाजून गेल्यावर आग्नेयेला चंद्र उगवला, उजळ भाग खाली, भरलेल्या वाटीसारखा, अनुराधा नक्षत्रात. थोड्या वेळाने त्याच्या खालून लालसर ज्येष्ठा वर आली. टॉर्चच्या उजेडात मी मागची पानं चाळत बसले. कार्तिक वद्य: 'ताईचा फोन उचलला नाही.' मार्गशीर्ष वद्य: 'ताईचा फोन. नंतर करते म्हटलं, केला नाही.' पौष वद्य: 'ताई.' नुसतं एवढंच. आईच्या शेवटच्या दुखण्यात ताई चारच दिवस राहिली, हा राग मी तीन वर्षं धरून होते. तो माझ्याच अक्षरात, ओळीने तीन महिने, असा समोर आला. त्या रात्री मी काही ठरवलं नाही. फक्त लिहिलं, 'राग आईसाठी आहे की मी एकटी पडले म्हणून?'

तिथपासून दर वद्य अष्टमीला एकच प्रश्न लिहायचा आणि अमावस्येपर्यंत त्याला उत्तर द्यायचं नाही, असा माझा नेम आहे. दरवेळी साधतो असं नाही. वैशाखात आणि आषाढात प्रश्नाचं पान कोरंच राहिलं, आणि ते मी तसंच ठेवलंय.

श्रावण वद्य अष्टमी माघाच्या अगदी समोरची. सूर्य सिंहेत, चंद्र वृषभेत उच्चीचा, म्हणजे सगळ्यांत बली मानलेला. मध्यरात्री कृष्णजन्म आणि मध्यरात्रीच्या सुमारासच अर्ध्या चंद्राचा उदय, हा मेळ मला वही घातल्यावर पहिल्यांदा कळला, इतकी वर्षं गोकुळाष्टमी करूनही. यंदा पाळण्याला पंचवटीत ताईकडे गेले. आभाळ गच्च होतं, चंद्र दिसलाच नाही. पाळणा म्हणून झाल्यावर ताईने माझ्या तळहातावर सुंठवडा ठेवला, आणि मी माघातला प्रश्न तिला मोठ्याने विचारला. ती बराच वेळ पाळण्याची दोरी हातात धरून बसली. मग म्हणाली, "मला तिथं बघवत नव्हतं गं." त्या रात्रीची नोंद दुसऱ्या दिवशी दुपारी लिहिली, तेव्हा नवमी लागली होती. तिथीच्या रकान्यात मी नवमीच लिहिली आहे.

या वर्षी वहीत एक रकाना वाढवतेय, चंद्रोदयाची वेळ. गच्चीवरून पूर्वेला नवी इमारत उभी राहतेय, त्यामुळे चंद्र प्रत्यक्ष दिसतो ती वेळ वेगळी लिहावी लागेल. ताईनेही वही आणलीय. तिची रास कर्क. तिला आठवा चंद्र कुंभेचा, म्हणजे वद्य अष्टमीशी त्याची गाठ पडेल ती वैशाखात.