माळकऱ्यानं शिकवलेला मासा

जून लागला की बेळगावात कॅम्पातल्या मासळी बाजारातला समुद्र आटतो. १ जून ते ३१ जुलै गोव्याच्या आणि कारवारच्या ट्रॉलरना बंदी. बांगडा दिसतोच, पण बर्फातला, डोळे आत गेलेला. मग नजर आपसूक गोड्या पाण्यातल्या माशांकडं वळते. परवा दुपारी एका टबात मरळ होती. पाणी वीतभरसुद्धा नाही, तरी बया जिवंत. मधूनच तोंड वर काढून हवा घ्यायची आणि पुन्हा तळाशी.

"करून देऊ काय, अक्का?"

"नको. हाय तशीच दे."

विकणारीनं मान हलवली. आता असं अख्खं कोण नेतं? फुकट साफ करून मिळतंय, तुकडेही पाडून मिळतात. पण दुसऱ्यानं कापलेला मासा मला आपला वाटत नाही. डोकं नसलेल्या माशावर तर माझा विश्वासच नाही. कल्ले न बघता मासा घेणं म्हणजे नवरा न बघता हळद लावून घेणं.

हा हट्ट आज्ज्याचा. मला मासा साफ करायला त्यानंच शिकवलं. आणि आज्जा माळकरी.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठाला. तिकडं कणकुंबीच्या डोंगरात मिरगाचा पाऊस बसला की इकडं ओढा गढूळ व्हायचा, आणि चढणीचे मासे पाण्याच्या उलट उड्या घेत भाताच्या वाफ्यांत शिरायचे. काका लोक बांबूच्या कामट्यांचा सापळा लावायचे, कंदील घेऊन रात्र काढायचे. सकाळी परड्यात घमेलं आपटल्याचा आवाज आला की आम्ही पोरं अंथरुणातनं उठून थेट तिकडं. शिंगटे, वाम, एखादी मरळ, आणि नावंसुद्धा नसलेली बोटभर चिल्लर.

मासे घरात यायचे नाहीत. चूल परड्यात वेगळी, तपेलं वेगळं, इळी वेगळी. आज्जी झरझर मासे करायची, पण तिच्याकडं बघून काही शिकता यायचं नाही. एक मासा हातात घेतला म्हणेपर्यंत तो तपेल्यात. विचारलं तर म्हणायची, "सरक गे, अंधार करुलीस." एकदा तिला ताप आला आणि घमेलं माझ्यापुढं आलं. आई परगावी होती. काका लोक मासे धरण्यात पटाईत. कापायचं म्हटलं की त्यांना शेतातली कामं आठवायची.

तेव्हा सोप्यातनं आवाज आला, "आधी राख घे."

आज्जा सोप्यात पोथी उघडून बसलेला. मधी माजघर, मग परड्याचं दार. तिथनं त्याला घमेलं दिसणं शक्य नव्हतं. तो उठलाही नाही. राख हाताला लाव, मरळ निसटंल. शिंगट्याचे काटे पहिल्यांदा मोड, बोटात गेला तर दिवसभर ठणकंल. मी खवले काढायला लागले. थोड्या वेळानं पुन्हा आवाज, "उलटं चाललंय. शेपटीकडनं मानंकडं."

हे त्याला कळलं कानानं. इळीची पाठ खवल्यांच्या विरुद्ध गेली की खर्रखर्र वाजते, खवल्यांबरोबर गेली की नुसती घसरते. माळ घालण्याआधी आज्जा गावातला नामी मासेमार होता म्हणे. हात सुटले, कान सुटले नव्हते.

खरी परीक्षा पोटाची. खालनं गळ्यापर्यंत चीर द्यायची, पण वरवर, कारण आत काळजाला चिकटून हिरवट पित्त असतं. ते फुटलं की अख्खं कालवण कडू. "बोट घाल, बघू नको," आज्जा म्हणाला. हे मात्र अगदी खरं. डोळ्यांनी सगळं लालच दिसतं. अंगठ्याला बरोबर समजतं, हे मऊ, हे गुळगुळीत, हे सोड. मग कण्याखालची काळपट रक्ताची रेघ नखानं खरवडायची. बाजारात करून घेतलेल्या माशात ती नेमकी राहते, आणि मग माणसं म्हणतात, नदीच्या माशाला वास मारतो.

वास असतोच तसा, मातीचा. त्यासाठी मीठ चोळून चिंचेच्या कोळात ठेवायचं. त्या वासाच्या द्रव्याला जिओस्मिन म्हणतात, आणि आंबटानं ते मोडतं, हे मला फार उशिरा कळलं. सोप्यातल्या विद्यापीठाला आधीच ठाऊक होतं. गंमत अशी की पहिल्या पावसाला मातीचा जो वास येतो, त्यातही हेच जिओस्मिन. त्या वासासाठी आपण खिडकीत उभं राहतो आणि ताटात आला की नाक मुरडतो. यातून काहीतरी मोठं सांगता आलं असतं. पण तोवर वाटण तयार होतं.

वाटण म्हणजे ओलं खोबरं, ब्याडगी, धणे, लसूण. कोकणच्या अंगानं राहणारी माणसं आम्ही, त्यामुळं शेवटी ठेचलेली तिरफळं. वाटायची नाहीत, नुसती ठेचायची. आणि मासे पडल्यावर पळी घालायची नाही, तपेलं फडक्यानं धरून गोल हलवायचं. उकळी फुटली तसा आज्जा ओरडला, "माजघराचं दार उघड गे." वास बाहेर जावा म्हणून की आत यावा म्हणून, ते मी विचारलं नाही. त्याच्या ताटात मसुराची आमटी होती. दोनदा मागून घेतली.

चढणीच्या माशांत गाबोळी फार. पोट चिरलं की पिवळा लगदा हाताला लागतो. अंडी घालायला निघालेला जीव आपण वाटेत धरतो, हे पुढं कधीतरी डोक्यात शिरलं आणि ती गोळी काही केल्या गिळेना. आज्ज्याचंही असंच झालं असणार, एवढे मासे मारल्यावर एखाद्या पावसाळ्यात त्याचा हात थांबला असणार, अशी मी मनात गोष्टच रचली. पुरती पटलीसुद्धा.

एकदा विचारलंच. "आज्जा, तू माळ का घातलीस?"

त्यानं थोडा विचार केला. "पंढरपूरला गेलतो. बरोबरचे सगळे घालुलते. मग मी पण घातली."