बीलिब, नोकरी आणि पावसाळा

८ जून

बीलिब, म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने करायची तर आधी हिशेब. दूरशिक्षणात १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. वाचन, स्वाध्याय, प्रात्यक्षिक सगळे त्यातच. ४ क्रेडिटचा पेपर १२० तास खातो. वर्षाचे ३२ क्रेडिट धरले तर ९६० तास. चवथ (गणेशचतुर्थी), तापसर्दी आणि परीक्षेचे दिवस वजा करून ४८ आठवडे हाताशी राहतात, म्हणजे आठवड्याला २० तास. नोकरदाराला एवढे मिळत नाहीत. पदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजेपर्यंतचा पहाटेचा सव्वा तास सहा दिवस आणि रविवारचे सलग चार तास धरले, तर बेरीज साडेअकरा होते.

उरलेल्या साडेआठ तासांसाठी झोप कापणारे ऑगस्टपर्यंत थकतात. तांदळासारखी वेळेचीही प्रत असते. बसमधला तास, जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटे आणि रविवारची शांत सकाळ, या तिन्हींत सारखे काम होत नाही. कुठल्या पेपरला कुठली प्रत घालायची ते एकदा ठरले की साडेआठातले बरेच तास बसमध्ये आणि कामाच्या टेबलावरच सापडतात. देवघेव, दाखल नोंदवही, साठा पडताळणी रोज करणाऱ्याने ते प्रकरण पहिल्या पानापासून वाचत बसू नये. संज्ञा तेवढ्या पाठ कराव्यात. हाताला काम येते, पण उत्तरपत्रिकेला संज्ञाच लागते.

१७ जून

फोंडा-पणजी बसमध्ये बसायला जागा मिळाली तर एक घटक वाचून होतो. इग्नूचे (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे) अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट आहे. आठवड्याचे घटक घरीच उतरवून घ्यावेत, पावसात वाटेत रेंजचा भरवसा नाही. घटकाच्या शेवटचे प्रश्न आधी वाचावेत आणि मग घटक. बसमध्ये टिपणे काढायचा हट्ट नको, ते अक्षर नंतर आपल्यालाच लागत नाही. ग्रंथालय आणि समाज, माहितीस्रोत, व्यवस्थापन हे पेपर या वेळेत बसतात. वर्गीकरण बसत नाही.

२९ जून

जुलैच्या सत्राला नाव घालणाऱ्यांनी अर्जाआधी दोन गोष्टी कराव्यात. विद्यापीठाला नुसती मान्यता असून भागत नाही. तो अभ्यासक्रम, त्याच सत्रासाठी, यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का ते पाहावे. दुसरी गोष्ट डीईबी आयडी, म्हणजे त्याच विभागाची विद्यार्थी-ओळख. ती क्रेडिट बँकेच्या, म्हणजे एबीसी आयडीच्या आधारे निघते, आणि तिथे नाव जुळावे लागते. आपल्याकडे घोटाळा इथेच होतो. दहावीच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, लग्नानंतरचे तिसरे. दुरुस्तीला किती दिवस जातील याचा नेम नाही, म्हणून प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नये.

१३ जुलै

रविवारचे चार तास दशांश वर्गीकरणाला, म्हणजे पुस्तकांना विषयवार अंक देण्याच्या ड्यूईच्या पद्धतीला. २३वी आवृत्ती २०११ची, चार खंडांची. पहिल्यात तक्ते (जोडायच्या अंकांचे), दुसऱ्या-तिसऱ्यात अनुसूची (विषयांचे अंक क्रमाने), चौथ्यात सापेक्ष निर्देशसूची (विषयांची नावे अक्षरक्रमाने). अभ्यासकेंद्रावर मात्र जुनी १९वी, तीन खंडांची, समोर येऊ शकते. परीक्षेला कुठली आहे हे पहिल्याच महिन्यात विचारून घ्यावे. एका आवृत्तीवर बसलेला हात दुसरीवर चाचपडतो.

हे खंड घरी देत नाहीत, संदर्भात बसूनच वापरावे लागतात. पणजीत पाटोला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली पोर्तुगीज राजवटीत सुरू झालेले हे ग्रंथालय आता कदंब बसस्थानकावरून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बसायला जागा शोधणाऱ्या नोकरदाराला एवढे पुरे.

चुका ठरलेल्या असतात. पहिली, निर्देशसूचीतला अंक तसाच उतरवणे. निर्देशसूची फक्त दार दाखवते, अंक अनुसूचीत जाऊन तपासायचा आणि खालची टीप वाचायची. एखादा विषय ‘समाविष्ट’ म्हणून टिपेत असला, तर त्या अंकाला त्या विषयासाठी प्रमाणित उपविभाग (कोशासाठी ०३ असे ठरलेले जोडअंक) जोडता येत नाही. दुसरी चूक शून्यांची. रसायनशास्त्राचा कोश ५४०.३, पण भौतिकशास्त्राचा ५३०.०३. कारण ५३०.१ पासूनचे अंक भौतिकशास्त्राच्या सिद्धान्तांना वगैरे आधीच दिलेले आहेत, म्हणून प्रमाणित उपविभागाला एक शून्य जास्त घ्यावे लागते. भारताच्या इतिहासाला ९५४ वर आणखी एक, म्हणजे ९५४.००३. घाईत सगळीकडे .०३ लावणारे इथे गुण घालवतात.

सरावाला आपल्याच कपाटातली पुस्तके घ्यावीत. मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. नोकरी ग्रंथालयात असेल तर दिवसाला पाच पुस्तकांचे अंक मणक्यावरची चिठ्ठी न बघता काढावेत आणि मग ताडून पाहावेत. चिठ्ठीवरचा अंक चुकीचाही निघतो. तेव्हा आपण बरोबर का, हे टिपेचा आधार देऊन लिहून ठेवावे. हा सराव पुढे तोंडी परीक्षेलाही उपयोगी पडतो.

आणि जुलै आहे म्हणून एक सूचना. दमट खोलीतल्या खंडांना बुरशी धरते. पाने चिकटलेली दिसली तर ओढू नयेत. खंड उभा ठेवून, पाने पंख्यासारखी मोकळी करून पंख्याखाली वाळू द्यावा.

१२ ऑगस्ट

ग्रंथपाल दिन. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन १८९२ साली आजच्या दिवशी जन्मले. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, त्याआधी गणित शिकवत. त्यांची वर्गीकरणाची पद्धत, द्विबिंदू वर्गीकरण, १९३३ची. लंडनमधल्या दुकानात मेकॅनोचे खेळणे पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. ते ध्यानात ठेवले तर पद्धत सोपी जाते. तयार अंक शोधायचा नाही, सुटे भाग जोडायचे.

भाग पाच: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश, काळ. जोडचिन्हे त्याच क्रमाने स्वल्पविराम, अर्धविराम, द्विबिंदू, बिंदू, एकेरी अवतरण. भारतातल्या विद्यापीठ ग्रंथालयांतले तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी करणे) म्हणजे २३४:५५.४४. यात २३४ विद्यापीठ ग्रंथालय, ५५ तालिकीकरण, ४४ भारत. शीर्षक मिळाले की आधी त्याचे तुकडे पाडून प्रत्येकाखाली पाचांपैकी एका भागाचे नाव लिहावे, अनुसूची नंतर उघडावी. आधी अनुसूची उघडणारा तिच्यातच हरवतो. तुकडे पाडायचा सराव जेवणाच्या सुट्टीतही होतो, त्याला पुस्तक लागत नाही.

२४ ऑगस्ट

आज तालिकीकरण. एएसीआर-२ मध्ये, म्हणजे नोंदींच्या जुन्या नियमावलीत, लेखक तिघांपर्यंत असतील तर मुख्य नोंद पहिल्याच्या नावाने, चार किंवा जास्त असतील तर शीर्षकाने. आरडीए या नव्या नियमावलीने हा ‘तिघांचा नियम’ सोडला. अभ्यासक्रम दोन्ही शिकवतो आणि परीक्षेत दोन्हींची खिचडी होते. वहीची दोन पाने समोरासमोर घेऊन एकाच पुस्तकाची नोंद दोन्ही पद्धतींनी लिहिली की फरक पक्का होतो.

गोव्यात खरी परीक्षा नावांची आहे. पोर्तुगीजमध्ये लिहिणाऱ्याचे आडनाव ‘दे सोझा’ असेल तर एएसीआर-२ प्रमाणे नोंद ‘सोझा’खाली, कारण पोर्तुगीज नावात उपसर्ग सोडून पुढच्या शब्दाखाली जायचे. इंग्रजीत लिहिणाऱ्या ‘डिसोझा’ची नोंद मात्र उपसर्गासकट, ‘ड’खाली. नियम माणसाच्या भाषेवर ठरतो, घराण्यावर नाही. मग एकाच कुटुंबातले आजोबा एका खणात आणि नात दुसऱ्या खणात. वाचकाला दोघेही सापडावेत म्हणून ‘पाहा’ची संदर्भनोंद करणे भाग आहे, आणि तीच विसरली जाते.

चवथीच्या आदला आठवडा

माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचे) सामान यायच्या आत स्वाध्याय संपवावेत. नंतर घरात पाहुणे आणि डोक्यात आरत्या, लिहिणे होत नाही. एका स्वाध्यायाला साधारण सहा तास धरावेत: दोन वाचायला, एक मुद्दे काढायला, तीन हाताने लिहायला. त्याच सत्राची प्रश्नपत्रिका आहे ना, हे आधी पाहावे. गेल्या वर्षीची उत्तरे स्वीकारत नाहीत. पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक, अभ्यासक्रम व पेपरचा कोड, अभ्यासकेंद्राचा कोड, सही. देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो आणि दिल्याची पोच. इग्नूमध्ये स्वाध्यायाला ३० टक्के वजन आहे, सत्रान्त परीक्षेला ७०. गहाळ झालेल्या वहीचा पुरावा म्हणजे ती पोच.

५ ऑक्टोबर

कोहा. न्यूझीलंडच्या ग्रंथालयासाठी बनलेली आणि २००० पासून वापरात असलेली ही ग्रंथालय चालवण्याची मुक्त संगणक प्रणाली वाचून कळत नाही, लॅपटॉपवर चालवावीच लागते. ८ जीबी रॅमच्या यंत्रात व्हर्च्युअलबॉक्स (यंत्रात दुसरे यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर) घालून त्यातल्या डेबियन लिनक्सला ४ जीबी द्यावी. बसवून झाल्याबरोबर स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची पूर्ण प्रत, घ्यावा. मध्येच वीज गेली आणि डेटाबेस बिघडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. कामाच्या ठिकाणच्या चालू सर्व्हरवर सराव करू नये. एक चुकीचा नियम सेव्ह झाला की दुसऱ्या दिवशी सगळ्या वाचकांना दंड दिसतो.

मार्क या संगणकी नोंदीच्या नमुन्यात रकाने क्रमांकांनी ओळखतात: १०० लेखक, २४५ शीर्षक, ०८२ दशांश अंक, ६५० विषय. वीस पुस्तके हाताने भरली की हे आपोआप पाठ होतात. मराठीसाठी कोहाच्या शोधयंत्रात, झेब्रात, आयसीयू ही युनिकोडची सोय निवडावी, नाहीतर देवनागरी शोध धड लागत नाही. तरीही ‘वाऱ्यावर’ सापडेलच असे नाही. त्यातला ऱ्य दोन प्रकारे टंकला जातो, एकदा नुक्त्याच्या ‘ऱ’ने आणि एकदा साध्या ‘र’ला न दिसणारे जोडचिन्ह लावून. डोळ्यांना सारखे, संगणकाला वेगळे. कार्यालयात सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा असे ठरवणे हाच स्वस्त उपाय. जुन्या डीटीपी फॉन्टमधली यादी मात्र आधी युनिकोडमध्ये आणूनच चढवावी.

१६ नोव्हेंबर

ग्रंथालय सप्ताह, १४ ते २०. ग्रंथालयात नोकरी असेल तर प्रदर्शनाच्या गडबडीत या आठवड्याचा अभ्यास होणार नाही असेच धरावे. परीक्षेचा अर्ज आणि प्रत्येक पेपरचे शुल्क भरलेले आहे का, तेवढे पाहावे. स्वाध्याय दिले म्हणजे परीक्षेला नाव गेले असे नसते.

रजा सलग घेऊ नये. प्रत्येक पेपरच्या आदल्या दिवशी एक घ्यावी, वर्गीकरणाच्या आधी दोन. वेळापत्रकाची प्रत अर्जाला जोडून महिनाभर आधी द्यावी, कारण डिसेंबरात सगळ्यांनाच रजा हवी असते.

फोंड्याहून पणजीला पेपर असेल तर आणखी एक हिशेब आहे. २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना), ३ डिसेंबरला फेस्त. बस त्याच वाटेने जाते. सकाळच्या पेपरला नेहमीपेक्षा दीड तास आधीची बस पकडावी, आणि हॉल तिकिटाच्या दोन प्रती, एक प्लास्टिकच्या पिशवीत.